पानाला परवाना, फुलाला तुरुंग

अंबरनाथचं शिवमंदिर वालधुनीच्या काठावर उभं आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख तिथे कोरलेला आहे. शिलाहार राजा मम्मुणीच्या काळातलं हे काम. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. शंकराच्या उत्सवाशी भांग आणि चिलीम किती जुन्या काळापासून जोडलेली आहेत, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. दोन्ही एकाच झाडापासून येतात. भांग पानांची, चिलमीतला गांजा फुलोऱ्याचा.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने, ज्याला पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत सगळे 'एनडीपीएस' म्हणतात, या झाडाचे दोन भाग केले. फुलोरा म्हणजे गांजा, आणि तो बाळगणं गुन्हा. फुलोऱ्याशिवायची पानं आणि बी मात्र व्याख्येबाहेर राहिली. त्यामुळे भांग महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली येते, म्हणजे परवान्याच्या कक्षेत. फुलोऱ्याची पुडी खिशात सापडली तर तुरुंग. हा फरक अगदीच निराधार नाही, कारण नशा आणणारं द्रव्य फुलोऱ्यात जास्त आणि पानांत कमी असतं. पण कायदा असा झाला तो प्रयोगशाळेमुळे नव्हे. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कराराच्या वाटाघाटींत पानं वगळली गेली, आणि गांजाचं बिगर-औषधी सेवन बंद करायला भारतासारख्या देशांना २५ वर्षांची मुदत मिळाली. ती संपत आली तेव्हा, १४ नोव्हेंबर १९८५ ला, हा कायदा लागू झाला.

त्याच्या नव्वदेक वर्षं आधी इंग्रज सरकारनेच या प्रश्नाचा कसून अभ्यास केला होता. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने देशभर फिरून अकराशेहून अधिक साक्षीदार तपासले: डॉक्टर, जिल्हाधिकारी, शेतकरी, फकीर, मिशनरी. वेड्यांच्या इस्पितळांतली 'गांजामुळे वेड लागलं' अशी नोंद असलेली प्रकरणं एकेक करून पुन्हा उघडली, आणि त्यांतल्या बहुतेक नोंदी टिकल्या नाहीत. निष्कर्ष असा निघाला की माफक सेवनाने विशेष हानी होत नाही, अतिसेवनाने होते. सरसकट बंदी घालू नये, कर आणि परवाने यांनी आटोक्यात ठेवावं. पुढे पाऊण शतकाहून अधिक काळ सरकारमान्य दुकानांत गांजा विकला गेला.

या प्रकरणात मी एक बाजू घेणार आहे, ती आधीच सांगतो. नशा करणाऱ्याला गुन्हेगार मानणं थांबवायला हवं. बनवणारा आणि विकणारा यांच्यावरचा कायदा राहू दे, कडक राहू दे. पण ज्याच्या खिशात स्वतःपुरती पुडी आहे त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याने आजवर त्याचं, त्याच्या घराचं किंवा समाजाचं भलं झालेलं नाही. हे पारखायला उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शेजारी शहरं चांगली आहेत, कारण बंदीचे दोन्ही मोठे प्रयोग, दारूचा आणि अमली पदार्थांचा, या कर्जत लोकलच्या पट्ट्याने अंगावर घेतले आहेत.

उल्हासनगर आणि दारूबंदी ही एकाच पावसाळ्यातली भावंडं. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी लष्करी छावणी बांधली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा मिळाली. आजही पत्ता सांगताना लोक 'कॅम्प एक', 'कॅम्प चार' असंच सांगतात. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. त्याच्या दोनच महिने आधी, १६ जून १९४९ ला, मुंबई दारूबंदी कायदा अंमलात आला होता, आणि ६ एप्रिल १९५० पासून साऱ्या मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली. राजगोपालाचारी, म्हणजे राजाजी, हे स्वतः दारूबंदीचे आद्य प्रवर्तक. १९३७ मध्ये मद्रास प्रांताच्या मंत्रिमंडळाचे प्रमुख असताना त्यांनी सेलम जिल्ह्यात ती पहिल्यांदा आणली, आणि बुडालेला महसूल भरून काढायला १९३९ मध्ये विक्रीकर बसवला. आपण दुकानात जो कर भरत आलो त्याचं एक मूळ दारूबंदीत आहे.

मुंबईच्या दारूबंदीमागे प्रामाणिक तळमळ होती, हे नाकारणं अन्याय ठरेल. १९३९ मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात डॉ. गिल्डर यांनी मुंबई शहरात पहिला प्रयत्न केला, तेव्हा त्यांच्यासमोर गिरणगावातला पगाराचा दिवस होता. पगार घरी पोचण्याआधी गुत्त्यावर संपत होता. गांधीजींचा आग्रह होता, आणि पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्ये मद्य आणि अपायकारक औषधींच्या बंदीसाठी प्रयत्न करण्याचं कर्तव्य राज्यावर टाकलं गेलं.

मग प्रत्यक्षात काय झालं? ज्याच्याकडे डॉक्टर होता, त्याला प्रकृतीच्या कारणासाठी परवाना मिळाला. ज्याच्याकडे नव्हता, त्याला हातभट्टी मिळाली. काळा गूळ, नवसागर आणि पाणी यांचं मिश्रण पिंपात भरून पुरलं की काही दिवसांत आंबतं. पोलीस त्याला 'रसायन' म्हणतात. ते भट्टीवर चढवलं की नळीतून थेंब पडू लागतात. पहिल्या धारेची दारू जाळ लावली तर पेटते, ही तिची खूण आणि जाहिरात. उल्हास नदीची खाडी, तिवरांची झुडपं, मलंगगडाच्या पायथ्याची रानं: भट्टीला पाणी लागतं, जळण लागतं आणि आडोसा लागतो, आणि ठाणे जिल्ह्यात या तिन्ही गोष्टी होत्या. तयार माल रबरी ट्यूबमध्ये भरून शहरात जायचा. ही कला कुणा एका जातीची किंवा समाजाची नव्हती. ज्याला दुसरं काम नव्हतं त्याची ती होती. निर्वासितांच्या छावणीत आणि गिरणीतून काढलेल्या कामगारांच्या चाळीत अशी माणसं भरपूर होती.

कायद्याने दारू संपली नाही, दारूचा मालक बदलला. सरकारच्या ठेकेदाराच्या जागी भट्टीवाला आला. त्याच्यामागे वाहतूक करणारा, नाक्यावर लक्ष ठेवणारा, हप्ता नेऊन देणारा आणि हप्ता घेणारा अशी साखळी उभी राहिली. मुंबईच्या पहिल्या पिढीच्या टोळ्यांपैकी वरदराजन मुदलियारची टोळी हातभट्टीवरच वाढली. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ च्या बालसारा खटल्यात कायद्याचा मोठा भाग वैध ठरवला, पण औषधं आणि प्रसाधनांतल्या अल्कोहोलवरची बंदी रद्द केली. शेवटी १९६० च्या दशकात वसंतराव नाईकांच्या सरकारने परवान्यांची दारं सैल केली, आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारू परवानाधारक दुकानांत आली.

पण कायदा अजून जिवंत आहे. कागदावर आजही महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो: एका दिवसाचा विदेशी दारूसाठी ५ रुपयांना, देशीसाठी २ रुपयांना. वय २५ पूर्ण हवं. बिअर आणि वाइनला २१. उल्हासनगरच्या बारमध्ये बसलेल्या किती जणांनी हा कागद पाहिला आहे? सामान्य माणसाला रोज नकळत मोडावा लागणारा कायदा फक्त एकाच कामाला येतो: ज्याला पकडायचं ठरलं आहे त्याला पकडायला.

इथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. दारूची दुकानं उघडली म्हणून विषारी दारू संपली नाही. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत ऐंशीहून अधिक माणसं मेली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर. दोन्ही वेळा महाराष्ट्रात दुकानातून दारू कायदेशीरच मिळत होती. मग ती माणसं ट्यूबमधलं का प्यायली? कारण ते स्वस्त होतं. विषारी दारूतलं विष म्हणजे मिथेनॉल, कारखान्यांत वापरलं जाणारं रसायन. त्याला वेगळा रंग नसतो, चव जवळपास तीच, दारूवरच्या करातून सुटलेलं आणि स्वस्त. शरीरात गेल्यावर त्याचं फॉर्मिक आम्ल होतं. आधी दिसायचं बंद होतं, मग श्वास. दारूबंदी असलेल्या गुजरातमध्ये जुलै २०२२ ला बोटादला चाळीसहून अधिक माणसं गेली, तेव्हाही कारखान्यातून चोरलेलं मिथेनॉलच होतं. त्याच वर्षी डिसेंबरात बिहारच्या छपऱ्यात तशीच माणसं मेली. बिहारात २०१६ पासून बंदी आहे. गरिबाच्या आवाक्यातली दारू बंदीने संपवली काय किंवा कराने महाग केली काय, तो त्याच ट्यूबकडे वळतो.

दारूबंदीच्या बाजूचा सर्वांत सच्चा आवाज बायकांचा आहे. गडचिरोलीत बायकांच्या आणि आदिवासी गावांच्या आंदोलनातून, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या साथीने, १९९३ मध्ये दारूबंदी आली. तिथे गावांनी स्वतः दारू पकडली, स्वतः दंड केले, आणि २०१६ पासून 'मुक्तिपथ' नावाचा कार्यक्रम व्यसनमुक्ती आणि गावसंघटन दोन्ही करतो. शेजारच्या चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून बंदी झाली आणि मे २०२१ मध्ये रमानाथ झा समितीच्या अहवालानंतर उठली. बेकायदा विक्री वाढली, तिच्यात बायकामुलंही ओढली गेली, असं कारण सरकारने दिलं. दोन जिल्हे लागून, कायदा तोच. गडचिरोलीत जे काही साधलं त्याचं श्रेय मी गावच्या संघटनेला आणि उपचाराला देतो. पोलिसाच्या काठीवर सोपवलेली बंदी चंद्रपूरच्या वाटेने जाते. अर्ध्याहून अधिक महिलांनी मत दिलं तर वॉर्डातलं दुकान बंद होतं, ही २००८ च्या नियमांतली 'आडवी बाटली' मला म्हणूनच मोलाची वाटते. ती विकणाऱ्याला हटवते, पिणाऱ्याला तुरुंगात टाकत नाही.

आता दुसरा प्रयोग.

गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, मुंबईत १९८० च्या सुमारास आली. एनडीपीएस कायद्याने ती आणली, असं म्हणणारे चुकतात, कारण ती कायद्याच्या आधीच पोचली होती. पण तिच्यासाठी जागा रिकामी होती हे खरं. अफूची सरकारी दुकानं दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करून मार्च १९५९ पर्यंत संपवायची, असं देशाने ठरवलं होतं. अफू मोठी, वासाची, सावकाश चढणारी. गर्द चिमूटभर पुरते. अनिल अवचटांनी त्या काळात 'गर्द' लिहिलं तेव्हा मध्यमवर्गीय महाराष्ट्राला पहिल्यांदा कळलं की हे आपल्या इमारतीतल्या मुलाचं दुखणं आहे. २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झालं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीचं बळ घेऊन, डॉ. अनिता अवचट तिथे उभ्या राहिल्या. त्यांनी गर्दुल्ल्याला पेशंट म्हटलं. कायदा त्याला आरोपी म्हणत होता. हे दोन शब्द तेव्हापासून महाराष्ट्रात शेजारी शेजारी चालत आहेत.

कायदा काय म्हणतो ते नेमकं पाहू. कलम २७ प्रमाणे नुसतं सेवन हाही गुन्हा आहे: हेरॉईन, कोकेनसारख्या पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत, बाकीच्यांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद. बाळगण्याच्या गुन्ह्यात २००१ च्या दुरुस्तीने 'अल्प' आणि 'व्यावसायिक' अशी मापं ठरवली. गांजा १ किलोपर्यंत अल्प, २० किलोच्या वर व्यावसायिक. हेरॉईन ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. एमडी, म्हणजे मेफेड्रॉन, २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. व्यावसायिक मापाला किमान दहा वर्षं, आणि जामीन जवळपास अशक्य. त्यात एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग प्रकरणात ठरवलं की वजन करताना भेसळीची पावडरही धरायची. म्हणजे पुडीत माल कमी आणि खडूची भुकटी जास्त असली, तरी शिक्षा सगळ्या वजनाची. भेसळ करतो वरचा व्यापारी, तिचं वजन मोजून घेतो खालचा पोरगा.

पकडलं कुणाला जातं? विधी सेंटर या संस्थेने मुंबईच्या न्यायालयांतली २०१७ आणि २०१८ ची दहा हजारांवर प्रकरणं तपासली. जवळपास सगळी स्वतःच्या सेवनाची, बहुसंख्य गांजाची, आणि आरोपी बहुतेक रोजंदारीवरचे किंवा झोपडपट्टीतले. बहुतेकांनी गुन्हा कबूल केला, दंड भरला, गेले. कबूल का केला ते समजायला फार बुद्धी लागत नाही. खटला लढायचा म्हणजे तारखेला खाडा, आणि खाडा म्हणजे मजुरी गेली. राष्ट्रीय गुन्हे नोंदीत २०२१ साली एनडीपीएसच्या सुमारे दहा हजार प्रकरणांसह महाराष्ट्र देशात दुसरा होता, आणि देशभरच्या प्रकरणांत निम्म्याहून अधिक स्वतःपुरता माल बाळगण्याची होती. एवढे पंचनामे, एवढे पंच, एवढे नमुने न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रांगेत. आणि त्या रांगेत मोठ्या कारखान्याचा नमुनाही याच पुड्यांच्या मागे उभा.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तिन्ही शहरं ठाणे पोलिसांच्या परिमंडळ चारमध्ये येतात. इथल्या जीन्सच्या कारखान्यात शिलाई मारणारा वीस-बावीस वर्षांचा मुलगा पुडीसह सापडला, तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक 'सेटिंग'ची, म्हणजे घरातून पैसे आणून सुटायचं. दुसरी नोंदीची, म्हणजे कोर्ट, आणि जामीन लांबला तर कल्याणचं आधारवाडी कारागृह. दोन्ही वाटांवर डॉक्टर कुठेच भेटत नाही. नोंद झाली की चारित्र्य पडताळणी अडते, नोकरी अडते, पासपोर्ट अडतो. व्यसन सुटायला माणसाला काम, घर आणि दिवसाचा नेम लागतो. शिक्षा नेमकं तेच काढून घेते.

बंदीचा मालावर काय परिणाम होतो, ते पाहायला अंबरनाथ-बदलापूरचा रासायनिक पट्टा पुरेसा आहे. गांजा ओडिशा-आंध्रच्या डोंगरांतून हजार किलोमीटर प्रवास करून कल्याण स्टेशनवर उतरतो. गठ्ठे मोठे, वास दूरवर जाणारा, कुत्रं लगेच ओळखतं. एमडीला शेत लागत नाही, पाऊस लागत नाही. लागते एक भाड्याची शेड, रिअ‍ॅक्टर, काही रसायनं आणि रसायनशास्त्राची पदवी असलेला एक बेकार. २०१५ च्या फेब्रुवारीपर्यंत एमडी बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीतच नव्हती. मुंबईत 'म्याव म्याव' म्हणून ती राजरोस फिरत होती, आणि पोलिसांपाशी कलम नव्हतं. यादीत आल्यानंतर ती थांबली का? ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकच्या शिंदेगावात कारखाना सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत त्याहून कितीतरी मोठा साठा. त्याआधी एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतून सुमारे १८ टन इफेड्रिन जप्त केलं होतं. प्रत्येक वेळी 'कंबरडं मोडलं' अशी बातमी आली.

मोरिवली, चिखलोली, आनंदनगर, माणकिवली या नावांच्या वसाहतींत शेकडो प्रामाणिक कारखाने आहेत, त्यांच्यावर हजारो घरं चालतात. पण बंद पडलेली शेड भाड्याने देताना आत काय शिजणार हे विचारणारी व्यवस्था तिथे दुबळी आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नाल्यात बेकायदा ओतलेल्या रसायनाच्या वाफांनी उल्हासनगरात शंभरावर लोकांना रुग्णालयात जावं लागलं. अख्खा टँकर रिकामा होताना जिथे अडवला जात नाही, तिथे मूठभर पांढरी पावडर अडवली जाईल, या भरवशावर आपण मुलांचं भवितव्य सोपवलं आहे. माझं म्हणणं साधं आहे: पुड्या मोजण्यात जाणारे पोलिसांचे तास या शेडकडे, कच्च्या रसायनांच्या हिशेबाकडे आणि पैशाच्या मागावर वळवले, तर बंदी निदान जिथे लागू व्हायला हवी तिथे लागू होईल.

आणि ज्यावर बंदीच नाही त्याचं काय? एम्सने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगायच्या पदार्थांचा, म्हणजे व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन यांचा, वापर करणाऱ्यांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळलं. असा तो एकमेव गट. विठ्ठलवाडी असो की बदलापूर, फलाटावर रुमाल नाकाशी धरलेलं मूल कुठल्याही प्रवाशाने पाहिलेलं असतं. खोकल्याचं कोडीनयुक्त औषध आणि झोपेच्या गोळ्या, ज्यांना गल्लीत 'बटन' म्हणतात, औषधाच्या दुकानातून वाट काढतात. त्याच सर्वेक्षणात दारू पिणारे सुमारे १६ कोटी आणि गांजा-भांग घेणारे सुमारे ३ कोटी निघाले. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलाही उपचार मिळाला होता. बंदीवर आपण किती बोलतो आणि या उरलेल्या ३७ जणांबद्दल किती, हा प्रश्न मला सतत छळतो.

बाहेरच्या देशांनी काय केलं? पोर्तुगालचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच सांगतात. १९९० च्या दशकात तिथे दर शंभरात एक माणूस हेरॉईनच्या नादात होता, आणि सुयांमधून एचआयव्ही पसरत होता. १ जुलै २००१ पासून त्यांनी दहा दिवसांपुरता माल बाळगणं हा गुन्हा राहू दिला नाही. माल जप्त होतो आणि माणसाला एका लहान समितीपुढे जावं लागतं. तिच्यात कायदा, आरोग्य आणि समाजकार्य जाणणारी माणसं असतात. विक्री अजूनही गुन्हाच आहे. सुयांमधून होणाऱ्या नव्या एचआयव्ही लागणी वर्षाला हजाराच्या घरातून पन्नासाच्या आत आल्या. यातला अर्धा भाग, जो सहसा सांगितला जात नाही, तो असा की त्यांनी त्याच वेळी उपचारकेंद्रं, मेथाडोन हे हेरॉईनला पर्यायी औषध आणि रस्त्यावरचे कार्यकर्ते यांवर भरपूर खर्च केला. पुढे आर्थिक मंदीत तो खर्च आटला, आणि पोर्तो शहराच्या गल्ल्यांत सुया पुन्हा दिसू लागल्या.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने फेब्रुवारी २०२१ पासून शिक्षा काढली. शंभर डॉलरचा दंड, आणि हेल्पलाइनला फोन केला तर तोही माफ. फोन फारसे कुणी केले नाहीत. उपचाराचा पैसा उशिरा पोचला, त्याच काळात फेंटानिलची लाट आली, आणि १ सप्टेंबर २०२४ पासून राज्याने पुन्हा गुन्हा ठरवला. ओरेगॉनचं अपयश माझ्या बाजूविरुद्ध जातं हे मला मान्य आहे. शिक्षा काढली आणि दवाखाना उघडला नाही, तर रस्त्यावरचा माणूस रस्त्यावरच राहतो.

भारतात हा विचार परका नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानेच अल्प प्रमाणात माल बाळगणाऱ्याला तुरुंगाऐवजी उपचाराकडे पाठवावं अशी शिफारस केली होती. ती कायद्यात उतरली नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेले मानसिक विकार आजारात मोडतात. त्याच कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षेतून बाहेर काढलं, कारण तो तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं. स्वतःच्या जिवावर उठलेल्या माणसाला आपण आरोपीपासून रुग्णापर्यंत आणू शकलो, तर पुडीवाल्याला का नाही? एड्स नियंत्रण कार्यक्रमात सुईने नशा करणाऱ्यांना सरकारच नव्या सुया देतं, जिभेखाली विरघळणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देतं. एक खातं ज्याला गोळी देतं, त्यालाच दुसरं खातं बेडी घालतं.

या तीन शहरांसाठी काय करता येईल? उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये शासनाचं मध्यवर्ती रुग्णालय आहे, आणि अंबरनाथ-बदलापूरची माणसंही तिथेच जातात. तिथे रोज चालणारी व्यसनोपचाराची बाह्यरुग्ण खिडकी, पर्यायी औषधाची सोय आणि दोन-तीन प्रशिक्षित समुपदेशक हवेत. प्रत्येक वेळी ठाण्याच्या मनोरुग्णालयापर्यंत लोकलचा प्रवास रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नाही. अल्प माल सापडलेल्याला पोलिसांनी पहिल्यांदा तिथे न्यावं. लहान मुलांना नशेचे पदार्थ देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. ते कलम फलाटावर आणि शाळेच्या फाटकाशी वापरलेलं दिसायला हवं. आणि संसदेने कलम २७ काढून टाकावं. गांजाच्या विक्रीला परवाना द्यावा का, या प्रश्नावर मी अजून होकार देत नाही. दारूच्या दुकानांनी गरिबांच्या घरात काय केलं ते पाहिल्यावर, नफ्यासाठी नशा विकणाऱ्या आणखी एका धंद्याची घाई मला नको आहे. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा मोकळा केला आणि तीन वर्षांत पुन्हा आवळला, हे ताजं आहे.

तोवर, घरात कुणी अडकलं असेल तर एवढं ध्यानात ठेवा. आजच्या कायद्यातही कलम ६४अ आहे. सेवनाचा किंवा अल्प माल बाळगण्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य रुग्णालयात किंवा केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण जाऊ शकतं. वकिलाला हे कलम नाव घेऊन विचारा. केंद्र निवडताना ते मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदलेलं आहे का ते पाहा. मारहाण करणारी, साखळीने बांधणारी केंद्रं बेकायदा आहेत. आणि व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. फोनला पैसे पडत नाहीत.